थंडीची पहाट आणि मोटारीचें इंजिन

पौषांतील पहाटे पंचगंगेवर धुकें दाटलें कीं कोल्हापुरांतील जुन्या मोटारी चटकन् चालू होत नसत. इंजिनानें दोनचार वेळां ठसकावें, काळा धूर सोडावा आणि पुन्हां गप्प बसावें! ड्रायव्हर बिचारा हँडल मारून घामाघूम होई. ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर हँडल उलटें फिरून मनगट मोडण्याची धास्ती असेच.

इंजिनांत जळते ती पेट्रोलची वाफ होय. थंडींत वाफ कमी होते आणि वंगणाचें तेल घट्ट बनतें. म्हणून चोक ओढून हवा कमी करावयाची. पण तो फार वेळ ओढलेला राहिला तर प्लग भिजून इंजिन पुरतें रुसतें.

आरंभींच्या इंजिनांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती वाहत जाई. सारी भिस्त हवामानावर. दहाव्या वर्षीं पोरका होऊन अनाथाश्रमांत वाढलेल्या विल्हेल्म मायबाख या जर्मन कारागिरानें १८९३ च्या सुमारास पेट्रोलचा बारीक फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला, तेव्हां ही अडचण पुष्कळ कमी झाली.

मायबाख कारखान्यानें प्रथम झेपेलिन हवाई जहाजांचीं इंजिनें केलीं. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटींमुळें तो मोटारींकडे वळला. तेथेंच १९३६ सालीं बनलेली मोटार छत्रपति राजाराम महाराजांकरितां कोल्हापुरास आली. विल्हेल्म १९२९ सालींच वारला होता. ती मोटार आजही दसऱ्यास राजवाड्याबाहेर निघते. दसरा आश्विनांत येतो. त्या वेळीं खरी थंडी अजून दूर असते.