पांबनचा पूल उंच का बांधला नाही?

आमचे काका-काकू नुकतेच रामेश्वर करून आले. प्रसाद घ्यायला गेलो तर काकांनी मोबाइलवर आधी देवळाचे नाही, पांबनच्या नव्या रेल्वे पुलाचे फोटो दाखवले. आणि मग एकदम चिडून म्हणाले, "मला एक सांग, शेजारी रस्त्याचा पूल बघ केवढा उंच आहे. खालून बोटी खुशाल जातायत. मग रेल्वेने साडेपाचशे कोटी घालून परत उचलायचाच पूल का बांधला? सरळ उंच बांधून मोकळं व्हायचं ना!"

प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं, की एका वाक्यात होणार नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सावकाश वाचा.

रामेश्वर हे बेट आहे. आपल्याकडे काशी-रामेश्वर यात्रेचं महत्त्व सांगायला नको. नाथांनी रामेश्वरला वाहायची गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात माहीत असते. पण यात्रेकरू किनाऱ्यावर पोचला तरी पुढे खाडी होतीच, ती नावेतूनच पार करायची. रेल्वेचा पूल झाला १९१४ साली, २४ फेब्रुवारीला. आता इंग्रजांनी तो यात्रेकरूंसाठी बांधला असं कोणी समजू नये. त्यांना मद्रासहून सिलोनला माणसं आणि माल न्यायचा होता. गाडीने बेटाच्या टोकाला धनुष्कोडीपर्यंत, तिथून बोटीने तलाईमन्नार, आणि पुढे परत गाडीने कोलंबो. 'बोट मेल' म्हणतात ती हीच.

पूल दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब. १४५ गाळे. पण पांबनची खाडी म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचं आखात यांना जोडणारी छोट्या जहाजांची वाट. ती बंद करून चालणार नव्हतं. म्हणून मधला एक गाळा उघडणारा केला. त्याची कल्पना शिकागोच्या शेर्झर कंपनीची. दोन पाती, मध्ये जोडलेली. डोलणारी खुर्ची मागे कलते तशी दोन्ही पाती आपापल्या बाजूला मागे कलायची आणि जहाजाला वाट मिळायची. हे सगळं हाताने. माणसं उभी राहून दांडे फिरवायची. १०० वर्षांहून जास्त काळ हे असंच चाललं, हे मला आजही खरं वाटत नाही.

मग २२-२३ डिसेंबर १९६४ ची रात्र. चक्रीवादळात धनुष्कोडी गाव पुसलं गेलं. पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर सगळ्या प्रवाशांसकट समुद्राने नेली. (बऱ्याच फॉरवर्डमध्ये ही गाडी पुलावरून पडली असं असतं. तसं नाही. ती पूल सोडून पुढे, धनुष्कोडीच्या जवळ पोचली होती.) पुलाचे १२६ गाळे वाहून गेले. पण शेर्झरचा उघडणारा गाळा टिकला! दुरुस्तीला आधी सहा महिने, मग तीन महिने अशी मुदत होती. काम एका तरुण इंजिनियरवर सोपवलं. त्याने मच्छीमारांच्या मदतीने बुडालेले गर्डर शोधले, वर काढले, पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. त्याचं नाव ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे त्यांनीच बांधली, त्यामुळे आपलं त्यांच्याशी नातं आहेच.

इतकं होऊनही बेटावर जायला रस्ता नव्हता. १९८८ च्या २ ऑक्टोबरला राजीव गांधींच्या हस्ते रस्त्याचा पूल सुरू झाला, तोपर्यंत रेल्वे हाच एक मार्ग. आणि हा रस्त्याचा पूल बांधताना उघडझाप ठेवलीच नाही. मधला भाग सरळ उंच उचलला, खालून जहाज जाईल एवढा. काकांना पाहिजे तसा.

मग रेल्वेचं घोडं कुठे अडलं? चढात.

हिशोब अगदी सोपा आहे. नव्या पुलाचा मधला गाळा १७ मीटर वर जातो. म्हणजे पूल कायमचा उंच बांधायचा तर रुळांना हे १७ मीटर चढायला लागणार. रस्त्याला ३० मीटरला १ मीटर असा चढ चालतो, बस-ट्रक कुरकुर न करता चढतात. १७ गुणिले ३०, म्हणजे ५१० मीटर. खाडीच्या रुंदीत आरामात बसतं. रेल्वेचं चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा. पकड कमी आणि मागे हजारभर टनांचं ओझं. सपाट मुलखात १५० मीटरला १ मीटर हासुद्धा चांगलाच चढ मानतात. १७ गुणिले १५०, म्हणजे २,५५० मीटर. हे फक्त चढायला. उतरायला तेवढंच परत. ५ किलोमीटर झाले आणि खाडी आहे २ किलोमीटरची! म्हणजे चढ मंडपमच्या जमिनीवरून सुरू करा आणि बेटावर पांबन स्टेशन लागतं त्याच्या डोक्यावरून जा. स्टेशन हलवा, जमीन घ्या, घरं उठवा.

"पण आपल्या घाटात गाडी चढतेच की," काका म्हणाले. चढते ना. बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे. म्हणूनच कर्जतला गाडी थांबवून मागे जादा इंजिनं लावतात. तिथे सह्याद्री आहे, इलाज नाही. पांबनला समुद्राच्या मधोमध, वाऱ्यात, आपण होऊन घाट बांधायचा का? त्या जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाडी सोडत नसत. उंच गेलं की वारा वाढतो, कमी होत नाही.

उलट बाजूही बघा. या वाटेने मोठी जहाजं जातच नाहीत, ती श्रीलंकेला वळसा घालतात. इथून जातात मच्छीमारांच्या बोटी, छोटी मालवाहू जहाजं, बार्ज, तटरक्षक दलाच्या बोटी. छोट्या होड्या तर पूल न उचलताही खालून जातात. मग अधूनमधून येणाऱ्या जहाजासाठी रोजच्या प्रत्येक गाडीला चढ चढायला लावण्यापेक्षा जहाज आलं की गाळा उचलावा, हे मला तरी पटतं. आणि गाळा उचलूनही किती? समुद्रापासून २२ मीटर. साधारण तेवढंच जेवढं रस्त्याच्या पुलाखाली आहे. त्याहून उंच डोलकाठीचं जहाज १९८८ पासून इथून जाऊच शकत नाही. उंच पक्क्या पुलाचं हे कोणी बोलत नाही. तो अडवत नाही असं वाटतं, पण एक छत कायमचं घालून ठेवतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जुने उघडणारे पूल काढून रस्त्याचे उंच पूल बांधले, ते ६५ फुटांच्या हिशोबाने. तिथे शिडाच्या बोटी घेणारे लोक डोलकाठी मोजूनच बोट घेतात.

जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला. नवा ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीला सुरू झाला. ७२.५ मीटरचा, सुमारे ६६० टनांचा मधला गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो, विजेवर, काही मिनिटांत.

माझी काळजी उंचीची नाहीच. इथली खारी हवा लोखंड खाते. गाड्या सुरू व्हायच्या आधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी अहवालात पुलाच्या नियोजनातल्या त्रुटींवर बोट ठेवलं होतं आणि गंजाचाही उल्लेख केला होता. रेल्वेने उत्तर दिलं, समिती नेमली, खास रंग आणि न गंजणाऱ्या सळ्या वापरल्याचं सांगितलं. उद्घाटनाच्या दिवशी टीव्हीवर या अहवालाबद्दल किती ऐकलंत? हलणाऱ्या पुलाला दर आठवड्याला हात लावावा लागतो, दोर, चाकं, मोटारी, ग्रीस. शेर्झरचा गाळा १०८ वर्षं चालला तो रोज त्याच्यावर माणसं होती म्हणून. त्या कामाला दरवर्षी पैसे ठेवलेत का, हे आपल्या खासदारांना विचारायला हरकत नाही.

काकांना हे सगळं कागदावर आकडे मांडून दाखवलं. ५१० आणि २,५५० हे दोन आकडे त्यांनी दोनदा गुणून बघितले. मग म्हणाले, "बरं, पण मग गाळा वर गेलेला बघायला मिळाला नाही, ते राहिलंच."