पागेच्या जमाखर्चांतील तेल : वर्धेकडील काळ्या मातीच्या अनुरोधानें

जुन्या सरदार घराण्यांच्या दप्तरांतून पागेच्या जमाखर्चाचे ताव पाहतांना चंदी, वैरण, नालबंदी, तोबरे, मेखा, आगाडी-पिछाडीचे दोर अशा कलमांच्या रांगेंत ‘तेल’ हें दोन अक्षरांचें कलम आलें, तर वाचणारा तेथें थांबत नाहीं. दिवाबत्तीचें तेल, दुसरें काय असणार, अशी आपली समजूत असते. ती समजूत अपुरी आहे, एवढेंच या लहानशा लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे. आणि त्यासाठीं वर्धा जिल्ह्यासारखा दुसरा मुलूख शोधून सांपडणार नाहीं.

हा जिल्हा इंग्रजी अमलांत १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून निराळा निघाला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळील कवठ्यास होतें व पुढें १८६६ त पालकवाडी येथें आलें. तेंच आजचें वर्धा शहर. मुलूख मात्र जुना. धाम नदीवरील पवनार हें अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें, आणि पुढें हा सारा टापू नागपूरकर भोसल्यांकडे आला. पश्चिमेस व दक्षिणेस वर्धा नदी, मध्यें वणा, धाम, यशोदा, बोर यांचीं पात्रें, आणि देवळी-हिंगणघाटकडे कापसाची काळी जमीन. ही जमीन उन्हाळ्यांत हातभर भेगाळते आणि मृगाच्या दोन सरींबरोबर लोण्यासारखी होते. मात्र लोण्याप्रमाणें ती सुटत नाहीं, पायास चिकटून राहते. बैल रुंद व फांकलेल्या खुरानें तींतून वाट काढतो. एकखुरी घोड्याचा पाय तींत रुतून बसतो, आणि बाहेर निघतो तो चिखलाचा जाड थर अंगावर घेऊनच.

हा थर केवळ ओझें म्हणून घातक नसतो. खुराच्या वर व घोट्याखालीं मागल्या बाजूस जो खळगा असतो, तेथील कातडी पातळ असते. सतत ओल लागून ती फुगते, मातीचे कण तीस घांसतात, मग केसांच्या मुळाशीं खपल्या धरतात, भेगा पडतात व पाय सुजून घोडें लंगडूं लागतें. पावसाळ्यांत शेतकऱ्यांच्या पायांच्या बोटांत ज्या चिखल्या होतात, त्यांच्याच जातीची ही पीडा म्हणावयास हरकत नाहीं. तिच्या मुळाशीं पुष्कळदां असणारा सूक्ष्म जंतु १९१५ सालीं बेल्जियन काँगोंत गुरांच्या कातडीच्या रोगावरून प्रथम वर्णिला गेला. त्याच सुमारास, १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत, फ्रान्सच्या चिखलांत ब्रिटिश फौजेचीं घोडीं याच विकारानें निकामी होत होतीं. घोड्यांच्या पावसाळी क्षतांचा आणखी एक रोग आपल्याकडील ‘बरसाती’ या शब्दावरूनच युरोपीय पशुवैद्यांच्या ग्रंथांत शिरला. तो माशांनीं वाहून आणलेल्या कृमींपासून होतो हें पुढें कळलें. नांव आपलें, निदान त्यांचें, असा हा प्रकार आहे.

आतां या पायांस तेल लावावयाचें तें कां, हें पाहूं. स्वच्छ व कोरड्या केसांवर तेलाचा पातळ हात फिरला, तर पाणी आंत मुरत नाहीं आणि चिखल वाळल्यावर खराऱ्यानें सहज झडतो. परंतु तेंच तेल ओल्या किंवा मळक्या पायास चोळलें, तर ओल व घाण आंत कोंडून विकार बळावतो. म्हणजे सारें कौशल्य तेलांत नसून वेळेंत आहे. आधीं पाय वाळूं द्यावयाचा, मग खरारा, मग तेल. मुक्कामावर रात्रीं भिजून आलेला मोतद्दार एवढी सबूर धरी किंवा न धरी, यावर घोडें दुसऱ्या दिवशीं चालणें न चालणें अवलंबून असे.

शास्त्रग्रंथांत याचा आधार कोठवर मिळतो? कौटिल्यानें अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत घोड्याच्या नेमणुकींत खाण्याचें स्नेह धरलें आहे व नस्यासाठीं एक कुडुब तेल वेगळें सांगितलें आहे. हत्तीच्या प्रकरणांत तो याहून स्पष्ट बोलतो. तेथें खाण्याचें तेल निराळें, अंगास चोळण्याचें एक प्रस्थ निराळें, आणि मस्तकास व गजशाळेच्या दिव्यास लागणारें निराळें. एकाच जनावराच्या नांवावर पडणारें तेल तीन कामांचें असूं शकतें, हें अर्थशास्त्रकारास ठाऊक होतें. आपण मात्र तें विसरलों. आईन-इ-अकबरींत सांडणीच्या जातीच्या उंटांस सालीना पावणेचार शेर तिळेल नेमलें आहे, त्यांतील तीन शेर अंगास व पाऊण शेर नाकांत घालण्यास. नकुल व जयदत्त यांच्या नांवांवर चालणारे अश्ववैद्यकाचे ग्रंथ आणि त्यांच्या देशी भाषांतील उतारे यांचा प्रसार तर मोठाच होता. शालिहोत्राचें फारसी भाषांतर शहाजहानच्या कारकीर्दींत अब्दुल्लाखान फिरोजजंगानें केलें व त्यावरून जोसेफ अर्ल्स यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १७८८ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. घोड्याच्या वैद्यास सालोत्री म्हणण्याचा प्रघात या शालिहोत्रावरूनच पडला.

तेल कोणतें, हा प्रश्नही वरवरचा नाहीं. वर्धेकडे तीळ, जवस, करडई व एरंडी हीं शेतांत, करंज व निंब बांधावर. जवसाचें तेल हवेनें सुकून चिकट पापुद्रा धरतें. तें केसांस वाईट, म्हणून जवस घोड्याच्या पोटांत शिजवून घालावयाचा. एरंडेल दाट, तें पाण्यांत टिकतें. करंजेल कडू, त्यानें माश्या दूर राहतात, आणि कातडीच्या रोगांवर त्याचा लौकिक जुना आहे. करडईचें तेल भाजून काळें व चिवट केलें म्हणजे पाण्यांतल्या चामड्यास उपयोगी पडतें. म्हणून जमाखर्चांत नुसतें ‘तेल’ न लिहितां ‘करंजेल’ किंवा ‘एरंडेल’ लिहिलें असेल, तर तेथें दिव्यापलीकडे पाहणें प्राप्त आहे. (तेलाच्या घाणीची आधुनिक चिकित्साही याच वर्धेंत झाली. १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर मगनवाडींत घाणीच्या सुधारणेचे प्रयोग चालले. पण तें विषयांतर होईल.)

आतां दिव्याच्या तेलाविषयीं. चिपळुणाजवळ दळवटणें येथें छावणीस असलेल्या अंमलदारांस १६७३-७४ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं पाठविलेलें पत्र सर्वांस परिचित आहे. दाणावैरण आतांच उधळली तर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील, आणि रात्रीं दिवा जळता राहिला तर उंदीर वात ओढून नेईल व गवत पेटेल, असा त्याचा आशय. जेथें धन्याचा कटाक्ष दिवे आवरण्यावर आहे, तेथें पागेकडे गेलेलें सारें तेल दिव्यांतच जळलें असें धरणें कितपत सयुक्तिक होईल? सभासदाच्या बखरींतही पावसाळ्यांत लष्करानें छावणीस यावें आणि दाणा, रतीब, घोड्यांचीं औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें आधींच सिद्ध असावीं असें सांगितलें आहे. ‘घोड्यांचीं औषधें’ या शब्दांत आमच्या मतें पायांचें तेल आलेंच.

छावणी मोडून दसऱ्यास बाहेर पडावयाचें, ही रीत केवळ नद्यांच्या पुरामुळें पडली असें सामान्यतः लिहिलें जातें. पूर हें कारण खरेंच. पण पायही कारण होते. कौटिल्यानें घोड्यांचें नीराजन आश्विनाच्या नवमीस सांगितलें आहे. ओलीचे दिवस सरून घोड्यांचे पाय कोरडे व्हावेत, त्याच सुमाराची ही तिथि आहे. या रीतीचा उपयोग शत्रूनेंही करून घेतला. मराठ्यांच्या घोडदळाशीं पावसाळ्यांतच लढावें, कारण भरलेल्या नद्या त्यांस अडवितात, हें वेलस्लीचें टिपण प्रसिद्ध आहे. १८०३ च्या ऑगस्टांत, म्हणजे ऐन पावसाळ्यांत, त्यानें अहमदनगर घेतलें, आणि शिंदे व रघोजी भोसले यांच्या फौजा त्या वर्षीं आपापल्या घरच्या छावणींत नसून वऱ्हाडच्या सरहद्दीवर पडल्या होत्या. पुढें असई, अडगांव, गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवचा तह. त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व आज आपण ज्या जिल्ह्याविषयीं लिहीत आहों तो त्यांच्या राज्याची सरहद्द बनला. तेलाच्या बुधल्यावांचून राज्य गेलें असें कोणी म्हणणार नाहीं, आम्हीही म्हणत नाहीं. परंतु त्या चार महिन्यांचा हिशोब मांडतांना तोफा व कवायती पलटणी मोजून घोड्यांचे पाय सोडून देणें बरोबर नव्हे.

संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, पागेचे ताव हातीं आल्यास तेलाची रक्कम महिन्यावार मांडून पाहावी. दिवाबत्तीचें कलम स्वतंत्र असून आषाढ ते भाद्रपद तेल वाढत असेल, किंवा त्याच ओळींत हळद, गंधक, हिराकस, मोरचूद हीं येत असतील, तर तें तेल घोड्याच्या अंगावर गेलें असें समजण्यास जागा आहे. छावणीच्या महिन्यांत तेल अजिबात नसेल, तर तीही नोंद करावी.

शालिहोत्राच्या पोथ्यांविषयींही एक शब्द. चित्रांची पोथी तेवढी घ्यावयाची, कित्येकदां पानें सुटीं करून विकावयाचीं, आणि बिनचित्रांची, वेड्यावांकड्या मोडींत उतरलेली वही रद्दींत टाकावयाची, असा बाजार आम्हीं पाहिला आहे. ही दुसरी वही सालोत्र्याच्या कमरेची असते. तिच्यांतील शब्द ग्रंथाचे नसून तबेल्याचे असतात, आणि समासांत शेर-अधोलीचीं मापें लिहिलेलीं असतात. तिच्या पानांवर तेलाचे डाग असले तर ते धुण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. कोणतीं पानें अधिक डागाळलीं आहेत तें आधीं टिपून घ्यावें.