बिडीचा धंदा सीमा ओलांडतो, मग कायदा का नाही?

कामगार कायदा राज्याचा असावा की केंद्राचा? गोरेगाव-गोंदिया भागातील बिडी कामगारांचा इतिहास पाहता हा प्रश्नच अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९५६ पर्यंत आपला हा भाग आणि शेजारचा बालाघाट एकाच राज्यात होते. जुन्या मध्य प्रांताने १९३७ साली बिडी, लाख आणि चामडे कमावण्याच्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला. पण मालकांकडे पळवाटा होत्या. त्यांनी कारखान्यांचे तुकडे केले, सट्टेदार नेमले, पाने-तंबाखू घरोघरी वाटली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने चिंतामणराव खटल्यात सट्टेदार आणि त्यांची माणसे कारखान्याचे कामगार नाहीत, असा निकाल दिला. एखाद्या राज्याने कडक कायदा केलाच, तर धंदा कायदा नसलेल्या मुलखात जाई. १९६६ चा केंद्रीय बिडी कामगार कायदा आणताना सरकारने हेच कारण दिले. त्या कायद्याने घरी बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. मात्र हजार बिड्यांची किमान मजुरी ठरवणे राज्यांच्याच हाती राहिले.

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये मजूरमंत्री म्हणून त्रिपक्षीय परिषदेपुढे त्यांनी देशभर एकसारख्या कामगार कायद्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई प्रांताच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप केला होता, कारण ते विधेयक संपाचा हक्क हिरावत होते. म्हणजे त्यांची कसोटी एकच: कायदा कोणाचा हे नव्हे, कामगाराच्या पदरात काय पडते?

याच कसोटीवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता तपासा. पूर्वी संपाची आगाऊ नोटीस लोकोपयोगी सेवांपुरती सक्तीची होती. आता प्रत्येक उद्योगात १४ दिवस आधी द्यावी लागते. कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी १०० कामगारांपासून लागायची. ती मर्यादा ३०० वर गेली. एकसारखेपणा आला खरा, पण कामगाराला एक पायरी खाली उतरवून!

याउलट महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. देशाला तसा कायदा करायला २००५ उजाडले. म्हणून आमची मागणी साधी आहे: केंद्राने सर्वांसाठी किमान पायरी बांधावी, राज्यांनी तिच्यावर चढावे. खाली उतरण्याची मुभा कोणालाच नको.

जय भीम!