बावड्याचे पाणी

गगनबावड्याचा पाऊस पाहावा तो आषाढात. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत अधिक पाऊस याच तालुक्यात पडतो. पाच हजार मिलिमीटरांच्या पुढचा आकडाही तिथे कुणाला नवलाचा वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात मी करूळ घाटाच्या माथ्यावर उभा होतो. बरोबर माझा भाचा होता. तो नुकताच इंजिनिअर झालेला.

त्या माथ्याची एक मौज आहे. पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला कुंभीतून पंचगंगेला, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागराला जातो. एकाच ढगाच्या दोन लेकी, पण सासर दोन टोकांना! आणि माहेरी राहायला दोघींपैकी एकही तयार नाही. उभ्या उतारावरून आणि सड्यावरच्या सच्छिद्र जांभ्यातून पाणी बघता बघता निघून जाते. म्हणून तर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कित्येक वाड्यांत वैशाखात बायकांना हंडा घेऊन दूरचा झरा गाठावा लागतो.

"मामा, एवढ्या पावसापुढे माझ्यासारखा नवखा काय करणार?" भाच्याने विचारले. मला बावडेकरांची आठवण झाली.

हा मुलूख पंत अमात्यांच्या जहागिरीचा. त्या घराण्याचे रामचंद्रपंत 1674 मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी अमात्य होते, तेव्हा त्यांचे वय उणेपुरे चोवीस-पंचवीस. आयुष्यभर किल्ल्यांचा आणि दौलतीचा कारभार त्यांनी पाहिला. पुढे 1715 चे 'आज्ञापत्र' त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, ते नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकी करावीत, असे सांगितले आहे. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे कमी होतात, हा इशाराही आहे. हे नुसते पुस्तकी शहाणपण नव्हे. तरुणपणी अंगावर पडलेल्या जबाबदारीचा तो म्हातारपणी काढलेला हिशेब आहे.

दुसरी गोष्ट शेजारच्या राधानगरीची. 1896 च्या आणि 1899 च्या दुष्काळांनी संस्थान पोळले होते. 1902 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले आणि विहिरी-तलावांच्या पाहणीसाठी खास अधिकारी नेमला. त्या वेळी महाराजांनी तिशीही गाठली नव्हती. 1907 मध्ये त्यांनी भोगावतीवर मोठे धरण बांधायचे ठरवले. पैसा अपुरा पडला, काम रेंगाळले. 1922 मध्ये महाराज गेले तेव्हा धरण अर्धवटच होते. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात. आज त्यात 8.36 टीएमसी पाणी मावते आणि पाणी ठरावीक पातळीला चढले की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. ज्याने पाया घातला त्याने ते भरलेले पाहिले नाही; परंतु त्याच्या मागून आलेल्यांनी पाया वाया जाऊ दिला नाही.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुण्याहून नोकरीचं पत्र आलंय. मोठ्या इमारतींचं काम आहे." मी त्याला जा म्हटले नाही, राहा असेही म्हटले नाही. फक्त एवढेच सांगितले, की बावड्याचे झरे मोजायचे तर पावसात नव्हे, वैशाखात यावे लागते. आणि एका वैशाखाने भागत नाही.

आमच्याकडे पाऊस ओसरला की दिवाळीच्या आगेमागे कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे घालायला सुरुवात होते. दगडी खांबांच्या खाचांत फळ्या बसवायच्या, पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. दर वर्षी घालायचे, दर वर्षी काढायचे. या कामाला शेवट नाही, म्हणून त्याला दर पिढीत नवे हात लागतात.

परवा भाच्याचा फोन आला. दिवाळीला घरी येतो आहे. येताना कुंभीकाठचे बंधारे पाहून येईन म्हणाला.