बार्शी लाईट आणि आपली परतीची वाट



स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा दिंडीच्या वाटेचा इतिहास कोणी लिहायचा यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. जातानाच्या वाटेवर लिहिणारे चार जण उभे राहिले. परतीच्या वाटेवर कोणी बोलेना. तेव्हा ते काम आमच्याकडे आले. आम्ही चौथी शिकलेले, शेती करून कीर्तन करणारे. लिहिण्यात चूकभूल झाली तर माउलींनी पदरात घ्यावी.

आपली परतीची वाट म्हणजे बार्शी लाईट. आजच्या पोरांना हे नाव सांगितले तर ती बत्तीचा प्रकार समजतात. म्हणून आधी ती गाडी काय होती ते सांगतो.

मुंबईहून सोलापूरकडे मोठी रेल्वे गेली ती बार्शीला बाजूला ठेवून. बार्शी म्हणजे कापसाची मोठी पेठ. माल बैलगाडीने स्टेशनापर्यंत न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर १८८२ साली रेल्वेच्या नोकरीत इकडे आला होता. त्याच्या डोक्यात आले की इथे लहान रुळाची स्वस्त गाडी चालेल. रुळांतले अंतर अडीच फूट. बैलगाडीला कणा असतो तसा डब्याला असतो, त्या प्रत्येक कण्यावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात, हा त्याचा हिशोब. इंजिन जड पाहिजे, पण भार तर वाढवायचा नाही, म्हणून त्याने चाकेच जास्त लावली. आम्हाला हा हिशोब फार आवडतो. ओझे तेवढेच, खांदे जास्त. पालखीला आपण तेच करतो. १८९५ साली विलायतेत कंपनी काढली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. त्या वेळी कुर्डुवाडीच्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत.

माणूस मोठा छंदी होता. घोडे पाळायचा, आणि पुढे विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागे लागला. तो मेला १९२७ साली. त्याच साली त्याची गाडी मिरजेला पोचली.

मधल्या काळात १९०६ साली रूळ पंढरपूरला आले, आणि दुसऱ्या अंगाला १९११ साली लातूरला गेले. कंपनीचे पोट कापसावर आणि धान्यावर भरत असेल, पण आषाढी-कार्तिकीला गाडी वारकऱ्यांची. डबे पुरत नसत तेव्हा मालाच्या वाघिणीत माणसे बसवत. त्यात बाक नाही, खिडकी नाही. मिरज लाईन झाल्यावर पंढरपूर, सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग अशी गाडी आपल्या भागातून जाऊ लागली. सगळे मिळून ३२५ किलोमीटरच्या आसपास रूळ झाले. १९५४ साली सरकारने कंपनीकडून ती घेतली. नाव मात्र लोकांच्या तोंडी बार्शी लाईटच राहिले.

आपली दिंडी सुरू झाली त्यानंतर दोनच वर्षांनी मिरजेची लाईन झाली. जुनी माणसे सांगायची की तेव्हा दिंडीत मोठा वाद झाला. तरण्या मंडळींचे म्हणणे, दारावरून गाडी जाते तर पायी कशाला जायचे? त्या वेळचे वीणेकरी बुवा म्हणाले, मग वीणा पण गाडीला बांधून पाठवा, ती पण पोचेल. हसण्यावारी गेले, पण निकाल लागला. जाताना पायी, येताना गाडी. काला झाला की खरिपाची कोळपणी डोळ्यांपुढे उभी राहते, चार मुक्काम करत माघारी यायला कुणब्याला सवड कुठली? त्या गाडीने आपल्या वारकऱ्याचे चार दिवस वाचवले, म्हणून तो दर साल वारीला येऊ शकला. आमच्या मते दिंडी शंभर वर्षे टिकली त्यात हाही एक भाग आहे. जुन्या वहीत भिशी आणि तंबूच्या खर्चाखाली 'आगगाडी भाडे' अशी ओळ सालोसाल दिसते.

आम्ही पहिल्यांदा बसलो ते आठ वर्षांचे असताना, दादांच्या मांडीवर. आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. डब्यात पताका, मृदंग, तुळशीवृंदावने, ओली धोतरे, आणि गोपाळकाल्याच्या लाह्यांचा वास. कोळशाचा कण डोळ्यात जायचा म्हणून आई पदराने डोळे झाकायची. चढाला गाडी इतकी हळू व्हायची की पोरे खाली उतरून बरोबर चालायची. दादा ओरडायचे, "चढ रे वर, तुझी वारी झाली आता!" इंजिन पाणी प्यायला थांबले की फलाटावर उतरून एक अभंग व्हायचा, आणि अभंग संपेपर्यंत गार्ड शिट्टी द्यायचा नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

मग मोठ्या रुळाची मागणी सुरू झाली. इथे खरे ते लिहिले पाहिजे. मागणीच्या अर्जावर गावोगाव सह्या झाल्या, त्यात आमची पण सही आहे. द्राक्ष, डाळिंब बाहेर जायला पाहिजे होते, आजाऱ्याला मिरजेला न्यायला सहा-सहा तास परवडत नव्हते. मागणी चुकीची होती असे आम्ही आजही म्हणत नाही. पण २००८ साली मिरज लाईनवरची लहान गाडी बंद झाली, तेव्हा एक इंजिन, दोन डबे आणि चार-पाच किलोमीटर रूळ तरी चालते ठेवा, आम्ही सांभाळतो, असे म्हणायला आमच्या दिंडीतले कोणी उभे राहिले नाही. आम्हीही नाही. ते आम्हाला सुचलेच नाही. गाडी सरकारची, ती सरकारने बघायची, एवढेच डोक्यात.

ते सुचले पाच-सहा वर्षांपूर्वी, आणि तेही दुसऱ्याकडून. पुण्याची दोन पोरे जुन्या रुळाची वाट शोधत शिवारात आली. एक बँकेत, एक कारखान्यात. रविवारी पदरमोड करून फिरतात, जुन्या माणसांना विचारून लिहून घेतात, फोटो काढतात. आमच्या मंडळींनी विचारले, "बाबांनो, यात मिळतं काय तुम्हाला?" ती नुसती हसली. मग शेडात चहा पिता पिता त्यांनी वेल्स नावाच्या मुलखातली गोष्ट सांगितली. ती आम्ही त्यानंतर दोन कीर्तनांत दृष्टांत म्हणून घातली.

तिथे टॅलिलिन नावाची लहान रुळाची गाडी आहे, जेमतेम सात मैलांची. डोंगरातल्या खाणीतली पाटीची फरशी वाहायला काढलेली. खाण बंद पडली, तरी मालकाने गाडी चालू ठेवली. तो १९५० साली वारला. रुळावर एवढे गवत की लोखंड दिसत नव्हते. तेव्हा रोल्ट नावाच्या एका लेखकाने आणि आणखी काही जणांनी सभा घेतली आणि ठरवले की आपण फुकट राबून चालवू. १४ मे १९५१ ला त्यांनी पहिली गाडी सोडली. कोणी गवत काढले, कोणी तिकिटे फाडली, कोणी कोळसा टाकला. रजा घेऊन यायचे आणि राबून जायचे. त्यात ऑड्री नावाचे एक पाद्री होते, मुलांसाठी आगगाडीच्या गोष्टी लिहिणारे. ते गार्ड झाले आणि एकदा चहा विकणारी बाई फलाटावरच राहिली असताना शिट्टी देऊन मोकळे झाले! पुढे त्यांनी त्याचीच गोष्ट लिहिली. आपल्या चोपदारांनी एकदा भंडीशेगावला वाढप्यालाच मागे ठेवले होते, त्याची आठवण झाली.

त्याच वेल्समध्ये वेल्शपूल म्हणून गाव आहे. तिथली गाडी अगदी आपल्या मापाची, अडीच फुटी. ती १९५६ ला बंद पडली आणि १९६३ ला लोकांनी पुन्हा सुरू केली. अजून चालते. थोडी माणसे पगारी असतात, पण खांदा बिनपगारी माणसांचा.

पोरांनी आणखी एक सांगितले. कॅलथ्रॉपने इंग्लंडातही अशीच एक गाडी बांधली होती, १९०४ साली. ती १९३४ साली बंद पडली. तिला कोणी वाली भेटला नाही. रूळ काढून पायवाट केली, आता तिथे लोक चालत जातात. हे ऐकून आमचे अण्णा म्हणाले, "म्हणजे शेवटी पायीच की!" सगळे हसले. आम्हाला मात्र हसू येईना.

कारण दिंडीला कोणी पगार देत नाही. वीणेकऱ्याला नाही, पाणी भरणाऱ्याला नाही, पहाटे तीनला चूल पेटवणाऱ्या आयाबायांना नाही. आणि ती चालते. बिनपगारी माणसांवर एवढे मोठे काम शंभर वर्षे कसे चालवायचे ते आपल्याला शिकवायला वेल्सचे माणूस नको होते. आपल्याला येत होते, आणि आपण ते गाडीला लावले नाही.

गेले ते गेले. पण बार्शी लाईटच्या वस्तू घरोघर पडून आहेत हे आम्हाला माहीत आहे. पुठ्ठ्याची लहान तिकिटे पोथीत खुणेला घातलेली आहेत. कोणाच्या गोठ्यात कंदील आहे, कोणाच्या उंबऱ्याला रुळाचा तुकडा आहे. दिंडीने मठाच्या मागच्या खोलीत एक कपाट दिले आहे, आणि ती पुण्याची पोरे प्रत्येक वस्तूचा फोटो काढून चिठ्ठी लावायला तयार आहेत. कपाटात आजमितीला दादांचे पंढरपूरहून परतीचे एक तिकीट आणि सांगोल्याच्या एका आजीने दिलेली पितळी बिल्ला लावलेली हमालाची पट्टी, एवढेच आहे.

दर रविवारी हरिपाठ झाला की आम्ही मठात असतो. वस्तू द्यायला जीव होत नसेल तर नुसती दाखवायला आणा. काही नसेल तर आठवण सांगायला या. जुन्या बायकांनी तर यावेच, वाघिणीतला प्रवास त्यांनीच जास्त सोसला आहे.