अलाबामा क्वार्टरबॅक चुरस, २०१८
अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात जेलन हर्ट्स आणि टुआ टागोवायलोआ यांच्यात क्वार्टरबॅकच्या जागेसाठी हंगामापूर्वी झालेली स्पर्धा. जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अजिंक्यपद सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला संघ ०–१३ असा पिछाडीवर होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्सच्या जागी नवख्या टुआला उतरवले आणि जादा वेळेत संघ २६–२३ असा जिंकला. तरी सुरुवातीपासून खेळलेल्या २८ पैकी २६ सामने जिंकलेल्या हर्ट्सला डावलणे सोपे नव्हते. १ सप्टेंबरला लुईव्हिलविरुद्ध टुआ मैदानात उतरला, तेव्हाच निर्णय कळला. हर्ट्सने संघ सोडला नाही, ही या चुरशीतली सर्वांत मोलाची गोष्ट. डिसेंबरमध्ये टुआ जखमी झाल्यावर हर्ट्सनेच पुन्हा जॉर्जियाविरुद्ध ३५–२८ असा विजय खेचून आणला. २०१९ मध्ये तो ओक्लाहोमाकडे गेला.