‘हा कोण?’ हा प्रश्न मी आधी का विचारला नाही

दिवाळीत मोडनिंबला घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर ‘कोचादैयान’ची हिंदी आवृत्ती लावली. 2014 सालचा सिनेमा. नटांच्या हालचाली टिपून संगणकावर माणसं घडवलेली. काकांनी दहा मिनिटांत मान फिरवली. “हा रजनीकांत नाही रे, कुणीतरी त्याचं सोंग घेतलंय.” रजनीकांत म्हणजे आपला शिवाजीराव गायकवाड, हे त्यांचं ठाम मत, चेहरा पाठ. पुतणी मात्र शेवटपर्यंत बसली. तिला रजनीकांत माहीतच नाही. तिच्यासाठी तो गेममधला राजा.

तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहायला घ्याल तर पहिल्याच पानावर मासाहिरो मोरी येणार. माझ्याही आले. कृत्रिम आकृती माणसाच्या फार जवळ आली की आपुलकी एकदम तुटते आणि अंगावर काटा येतो, ही त्यांची ‘दरी’. पण मूळ लेख काढून वाचाच. तो 1970 सालचा, यंत्रमानव आणि कृत्रिम हातांविषयीचा. सिनेमा हा त्याचा विषयच नाही, आणि त्यातला प्रसिद्ध आलेख प्रयोगातल्या मोजमापांवर काढलेला नाही. पुढे ‘फायनल फँटसी’ (2001) आणि ‘पोलर एक्स्प्रेस’ (2004) बघून समीक्षकांनी निर्जीव डोळ्यांची तक्रार केली. आज तोच तर्क आपण नियम असल्यासारखा उद्धृत करतो. मीही केला, आणि दोन वर्षं ‘चेहरा किती खरा’ एवढंच मोजत बसलो.

आता 1917 मध्ये या. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंकेच. तरी पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक नमस्कार करत, असं सांगतात. (अशा गोष्टी बहुधा नंतरच्या आठवणींतून येतात, म्हणून जपून वापरा.) त्या प्रेक्षकांकडे ताडून बघायला रामाच्या छापील तसबिरी होत्या, पाहिलेला माणूस नव्हता. काकांकडे होता.

‘कोचादैयान’मध्येच आणखी एक चेहरा आहे. तमिळ विनोदी नट नागेश 2009 साली गेले. इथे ते संगणकाने पुन्हा उभे केलेत. तमिळ प्रेक्षकाला तो गेलेला ओळखीचा माणूस. आमच्या घरात कुणी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. चित्र तेच, तंत्र तेच. मग माझ्या तक्त्यात ‘प्रतिक्रिया’ या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

साठ पानांचं प्रकरण बाजूला ठेवलंय. मुलाखतीत पहिला प्रश्न होता, ‘खरं वाटलं का?’ आता आधी विचारतो, ‘हा कोण? याला आधी कुठे पाहिलंय?’ गाइड म्हणतात, मुदतवाढीचा अर्ज महिनाअखेरीच्या आत द्या.